घरच्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार: रंग सगळ्यात शेवटी

पत्रा आणि प्लाय जोडून घरीच बनवलेली, बॅटरीवर चालणारी लहान मुलांची मोटारगाडी माळ्यावरून किंवा गॅरेजच्या कोपऱ्यातून खाली काढली, की बहुतेक जण पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर हातात घेतात. उडालेला रंग आणि गंजलेला बंपर डोळ्यांना खुपतो, आणि नवा रंग चढला की काम झाल्यासारखे वाटते. मग कुणीतरी नवी बॅटरी आणून जुन्याच वायरींना जोडतो, गाडी हलते आणि मूल त्यात बसते. हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा का आहे हे पटवून देण्यासाठीच हा लेख आहे. अशी गाडी दुरुस्त करताना आधी ती थांबेल याची खात्री करावी, मग तिच्यातली वीज सुरक्षित करावी, मग ती चालवावी आणि रंगाला शेवटी हात घालावा. यामागे एक साधे तत्त्व आहे. बनवणाऱ्याच्या हाताने जे घडले ते जपायचे. बाजारातून आणून बसवलेले आणि काळाने खाल्लेले जे आहे ते निःसंकोच बदलायचे. बॉडीचा आकार, दरवाज्याची कड, स्टिअरिंगची जुळणी हे त्या माणसाचे काम आहे. वायर, स्विच आणि बॅटरी ही त्याची निर्मिती नव्हे. त्या वेळी हाताला लागल्या म्हणून त्या बसल्या.

आपल्याकडच्या अशा गाड्यांची घडण साधारण सारखीच असते. खाली लोखंडी अँगलची किंवा चौकोनी पाइपची चौकट, तिच्यावर प्लायवुडची नाहीतर पत्र्याची बॉडी, ट्रॉलीची किंवा लहान सायकलची चाके, मागच्या चाकाला सायकलची चेन, आणि मोटर म्हणून जुन्या कारचा किंवा ट्रकचा वायपर चालवणारी १२ व्होल्टची मोटर. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागात किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग, टर्निंग आणि भंगारातले सुटे भाग एकाच गल्लीत मिळतात, त्यामुळे हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात राहिले. मुलासाठी बापाने केलेली गाडी ही परंपरा मोठ्या नावांनाही चुकलेली नाही. एत्तोर बुगाट्टीने १९२६ साली आपला मुलगा रोलाँ याच्या चौथ्या वाढदिवसासाठी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीची निम्म्या आकाराची, बॅटरीवर चालणारी प्रतिकृती बनवली. ती पाहून गिऱ्हाइकांनी मागणी केली म्हणून पुढे टाइप ५२ या नावाने तिचे मर्यादित उत्पादन झाले. आज त्या गाड्या संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत आहेत. आपल्या माळ्यावरच्या गाडीला लिलावात भाव येणार नाही, पण एका विशिष्ट मुलाच्या पायाची लांबी मोजून ती बनलेली असते, आणि हे मोल कारखान्यातल्या गाडीत नसते.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी कॅमेरा घ्या. चारही बाजूंनी, खालून, सीट उचलून आणि प्रत्येक जोडाजवळून फोटो काढा. कारखान्याच्या गाडीची माहितीपुस्तिका कुठेतरी मिळू शकते. या गाडीची माहितीपुस्तिका म्हणजे ती गाडीच. एकदा नट सुटले की कोणता वॉशर कुठे होता हे सांगायला कोणी नसते. वायरी बहुधा सगळ्या एकाच रंगाच्या असतात, कारण बनवणाऱ्याकडे त्या रंगाचे एकच बंडल होते. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून आकडा लिहा आणि कागदावर आराखडा काढा. प्लायच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मारलेल्या खुणा, मापे, कधी एखादी तारीख किंवा मुलाचे नाव सापडते. तिथे पॉलिश पेपर फिरवू नका, वरून पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्या. बदललेले भाग पिशवीत घालून, त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. जतनाच्या कामात हा नियमच मानला जातो: केलेला बदल ओळखता यावा, आणि शक्य असेल तर मागे घेता यावा.

आता विजेकडे वळू. ‘खेळण्यातली बॅटरी, ती काय करणार?’ हा समज किती खोटा आहे याचा मोठा पुरावा अमेरिकेत मिळाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये फिशर-प्राइस कंपनीच्या ‘पॉवर व्हील्स’ या बॅटरीवरच्या मुलांच्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. गाड्यांची संख्या सुमारे १ कोटी होती. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे विजेचे भाग तापण्याच्या वा बिघडण्याच्या सुमारे ७०० तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत सुमारे १५० वेळा आग लागली होती. गाडी थांबलीच नाही अशाही ७१ तक्रारी होत्या. हे माझ्या क्रमाचे पहिले कारण आहे. मोठ्या कारखान्यात, अभियंत्यांनी आखलेल्या, तपासणी होऊन बाहेर पडलेल्या गाड्यांत जे दोन दोष निघाले ते म्हणजे तापणे आणि न थांबणे. उडालेल्या रंगामुळे कोणी गाडी परत बोलावत नाही. जिथे कारखाना चुकला तिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका रविवारी केलेले वायरिंग आज निर्धोक असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

तापण्यामागचे गणित सोपे आहे, आणि ते प्रत्येकाने एकदा करून पाहावे. वायरच्या जोडात तयार होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले त्या जोडाचा रोध. नुसत्या पिळून, वर टेप गुंडाळलेल्या जुन्या जोडावर गंज चढला की त्याचा रोध सहज ०.१ ओहम होतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण चढावर किंवा चाक अडकल्यावर मोटर १५ अँपिअर ओढत असेल, तर १५ गुणिले १५ गुणिले ०.१ म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता त्या एका बिंदूवर निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे सीटखाली, प्लायला लागून, मुलाच्या मांडीपासून वीतभर अंतरावर एक तापलेला सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखे ते होते. त्यातून धूर निघाला तरी तो सीटच्या रेक्झिनखाली बराच वेळ कोंडून राहतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, मग भीती कसली? शॉक लागत नाही हे खरे आहे. कोरड्या त्वचेतून १२ व्होल्ट फारसा प्रवाह ढकलू शकत नाहीत. पण धोका शॉकचा नाहीच, धोका जाळाचा आहे. स्कूटरची किंवा यूपीएसची शिसे-आम्लाची लहान बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर देऊ शकते. पान्याचे एक टोक धन टर्मिनलला आणि दुसरे चौकटीला लागले, तर पाना लाल होतो. म्हणून काम करताना अंगठी, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवायचे, आणि बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल आधी मोकळे करायचे. दुसरा आक्षेप असा, की इतकी वर्षे चालली, काही झाले नाही. मात्र जी चालली ती मऊ, लवचिक पीव्हीसीच्या वायरीची, घट्ट स्क्रूची आणि कोरड्या प्लायची गाडी होती. मधल्या वर्षांत पीव्हीसी कडक होऊन तडकले, स्क्रू सैल झाले, पावसाळ्यांनी प्लाय फुगवला, कदाचित उंदरांनीही वायरी कुरतडल्या. आज खाली उतरवलेली गाडी ती राहिलेली नाही, त्यामुळे तिचा जुना निर्वाळा आज लागू पडत नाही.

तेव्हा वायरिंग सगळे नवे करा. यात काटकसर नको, कारण एवढ्याशा गाडीला लागते तेवढी वायर फार महाग नसते. मोटरच्या मुख्य सर्किटला २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचिक तांब्याची वायर घ्या, धनाला लाल आणि ऋणाला काळी. टोकांना थिंबल दाबून बसवा. पिळून टेप मारलेला एकही जोड शिल्लक ठेवू नका. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, कारण पत्र्याची कड वर्षभराच्या हादऱ्यांत वायर कापते. फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभराच्या आत असावा. तो मोटरजवळ बसवला तर मधली सगळी वायर असंरक्षित राहते. फ्यूज मोटरला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो खरे तर वायरला जळण्यापासून वाचवतो. गाडी मुलाइतके वजन ठेवून सपाटीवर आणि चढावर चालवा, डीसी क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजा आणि चढावरच्या आकड्यापेक्षा थोडा वरचा फ्यूज घाला. चढावर ९-१० अँपिअर दिसत असतील तर कारमध्ये वापरतात तो निळा १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज बरोबर ठरतो. तो वारंवार उडू लागला तर मोठा फ्यूज घालू नका, कुठे अडते आहे ते शोधा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याची सवय घराघरांत आहे. या गाडीपुरती तरी ती सोडा.

वायपर मोटरची एक खोड माहीत असावी. अनेक वायपर मोटरींत ऋण टोक मोटरच्या बाहेरच्या कवचालाच जोडलेले असते, कारण कारमध्ये सगळी बॉडीच ऋण असते. घरच्या गाडीत ही मोटर थेट लोखंडी चौकटीवर बोल्ट केली, की पूर्ण चौकट विजेच्या वाटेचा भाग बनते. मग धन वायरचे साल कुठेही सोलले गेले तरी थेट शॉर्ट. शक्य असेल तर मोटर आणि चौकट यांच्यामध्ये जाड रबर, तसेच बोल्टांभोवती नायलॉनचे बुश घाला आणि मोटरच्या कवचापासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र ऋण वायर न्या. चेनमधून संपर्क होत असल्यामुळे चौकट पूर्ण वेगळी करता आली नाही, तरी प्रवाह वायरमधूनच जाईल अशी सोय करा आणि धन वायरवर सगळीकडे जादा स्लीव्ह चढवा.

थांबण्याचा विचार मी वायरिंगच्याही आधी ठेवतो, कारण तो झाल्याशिवाय वायरिंगचा आराखडाच ठरत नाही. जुन्या गाड्यांत पॅडलखाली बऱ्याचदा घरातला साधा स्विच किंवा बेलचे बटण सापडते. हे स्विच २३० व्होल्टच्या एसीसाठी बनलेले असतात, आणि एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने संपर्क सुटताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये ती तशी विझत नाही. संपर्क जळत जातात आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतात. मग पॅडलवरून पाय काढला तरी गाडी चालूच राहते. यावर उपाय सोपा आहे. पॅडलखाली लहान मायक्रोस्विच ठेवा आणि त्याने कारचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले चालवा. मोटरचा मोठा प्रवाह रिलेतून जाईल. मात्र रिलेचे संपर्कही चिकटू शकतात, म्हणून बॅटरीच्या वाटेवर एक मोठा कट-ऑफ स्विच हवा, आणि तो बाहेरून, गाडीमागे चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाताला लागेल असा हवा. डॅशबोर्डवरचा स्विच पुरेसा नाही. घाबरलेले मूल स्विच शोधत नाही. वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवणार असाल तर हे आणखी महत्त्वाचे. त्यातला मॉस्फेट (प्रवाह चालू-बंद करणारा भाग) बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे गाडी पूर्ण वेगाने धावू लागते. कंट्रोलरवर विसंबून कट-ऑफ टाळला, तर न थांबण्याचा तोच दोष आपण स्वतःच्या हाताने बसवल्यासारखे होईल.

वायपर मोटरच्या पोटात वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज बंद होताच चाक जवळजवळ जागीच धरले जाते. बनवणाऱ्यांनी ही मोटर स्वस्त म्हणून निवडली असेल, पण तिने न सांगता ब्रेकचेही काम केले. दुसरी एखादी मोटर असेल आणि गाडी पाय काढल्यावरही घरंगळत असेल, तर सायकलचा हातब्रेक किंवा चाकाच्या रिमवर दाबणारा साधा पायब्रेक जोडल्याशिवाय मुलाला बसवू नका.

बॅटरीबाबत भावनेला जागा नाही. अनेक वर्षे पडून राहिलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती पुन्हा जिवंत करण्याचे नुस्खे बहुधा वेळ खातात. पूर्ण चार्ज करून काही तास शांत ठेवलेल्या चांगल्या १२ व्होल्ट बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ च्या वर दाखवतो. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच आकडा थांबला तर सहापैकी एक घर मेले आहे. पाणी घालायची, उघड्या बुचांची बॅटरी मुलाच्या गाडीत अजिबात नको. गाडी कलंडली की आम्ल बाहेर येते. तिच्या जागी यूपीएसमधली सीलबंद बॅटरी घ्या. ७ अँपिअर-तासांची बॅटरी सपाट जागेवर अर्धा-पाऊण तास खेळायला पुरते, आणि मुलाच्या अंगणातल्या एका फेरीला तेवढे भरपूर झाले. ती पट्ट्याने घट्ट बांधा, टर्मिनलवर रबरी टोप्या चढवा, आणि खोक्याला हवा खेळेल अशी भोके ठेवा, कारण जास्त चार्ज झाल्यास सीलबंद बॅटरीही हायड्रोजन सोडते. जुन्या आम्लाने भिजलेला प्लाय आणि चौकट खायच्या सोड्याच्या पाण्याने, फेस येणे थांबेपर्यंत धुवा. घरी बनवलेला ट्रान्सफॉर्मरचा चार्जर असेल तर तो शोभेला ठेवा. नवा, आपोआप बंद होणारा चार्जर साधारण बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह देणारा, म्हणजे ७ अँपिअर-तासांना ०.७ अँपिअरच्या आसपासचा घ्या. चार्जिंग चालू असताना गाडी चालूच शकणार नाही अशी जोडणी करा, आणि रात्रभर निजलेल्या घरात चार्जिंग लावून ठेवू नका. लिथियमचा मोह होतो, कारण ती हलकी असते. बीएमएस (सेलांवर नजर ठेवणारे संरक्षक सर्किट) असलेला, ओळखीच्या विक्रेत्याचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक आणि त्याचाच चार्जर असेल तर हरकत नाही. मोडलेल्या स्कूटरमधले किंवा लॅपटॉपमधले सेल जुळवून केलेला पॅक मात्र मुलाच्या सीटखाली ठेवण्याची वस्तू नाही.

मोटर सहसा मेलेली नसते. कार्बन ब्रश झिजलेले, कॉम्युटेटर काळा पडलेला आणि ग्रीस वाळून मेण झालेले, एवढेच बहुधा निघते. ब्रश बदला, कॉम्युटेटर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसा, गिअरमध्ये नवे ग्रीस भरा. इथे एक सल्ला नेहमी मिळतो: ही संथ मोटर काढा, ई-सायकलची अडीचशे वॅटची लावा, मुले खूश होतील. याला आकड्यांनी उत्तर देता येते. वायपर मोटर मिनिटाला सुमारे ४५ फेरे देते. ३०० मिलिमीटर व्यासाचे चाक तिला थेट, एकास एक चेनने जोडले, तर वेग ताशी अडीच किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. अडीचशे वॅटची मोटर मिनिटाला २,७०० फेऱ्यांच्या आसपास फिरते. चेनने नवव्या हिश्शावर आणली तरी तेच चाक ताशी १७ किलोमीटर धावू शकते. आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे चाळीस पटींहून जास्त. गाडीची चौकट, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक यातले काहीही त्या वेगासाठी बनलेले नाही. सपाटीवर गाडी आणि मूल मिळून ५५ किलो वजन अडीच किलोमीटरने न्यायला चाकाशी दहा-बारा वॅट पुरतात. दहास एक चढावर हा आकडा पन्नासच्या आसपास जातो आणि वायपर मोटर तापू लागते. त्यावर उपाय मोटर बदलणे हा नाही, सोसायटीच्या उतारावर गाडी न नेणे हा आहे. संथ गाडी कंटाळवाणी वाटते ती बघणाऱ्या मोठ्यांना. चार वर्षांच्या मुलाला स्वतः वळवता येणे, उलटे जाता येणे, हॉर्न आणि दिवे चालणे यात पुरेसा आनंद असतो. ज्याला तेवढ्याने आनंद होत नाही, त्या वयाच्या मुलाने या गाडीत बसायचे दिवस सरले, असे समजावे. दुचाकीच्या सेल्फची मोटर वापरलेली असेल तर मात्र ती बदलाच. ती काही सेकंद फिरण्यासाठी असते, सतत चालवली की जळते.

यांत्रिक भागांत लक्ष द्यायच्या जागा थोड्याच आहेत. चौकटीवर हातोडीने हलके ठोका. जिथे आवाज बद्द येतो तिथे पाइप आतून खाल्लेला आहे. तेवढाच तुकडा कापून नवा वेल्ड करा. प्लायचे थर सुटले असतील तर तो भाग जुन्याच आकारात मरीन प्लायमध्ये कापून घ्या, पूर्ण बॉडी बदलू नका. बऱ्याच गाड्यांत मोटर मागच्या एकाच चाकाला ओढते आणि दुसरे मोकळे फिरते. हा दोष समजून दोन्ही चाके एका आसावर पक्की करू नका. डिफरन्शियल नसताना वळणावर चाक घासू नये म्हणून बनवणाऱ्याने शोधलेला तो शहाणा मार्ग आहे. स्टिअरिंगच्या सांध्यांना नायलॉनचे कडे असलेले, सैल न होणारे नट आणि जिथे लागेल तिथे कॉटर पिन घाला. स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक मुलाच्या छातीकडे रोखलेले असते, त्यावर रुंद, मऊ टोपण हवे. चेन वरून, खालून आणि बाजूंनी पूर्ण झाका, कारण ओढणी, फ्रॉकचा घेर किंवा बोट, तिन्हींनाही चेन सारखीच ओढून घेते. हलत्या भागांमधल्या फटींसाठी खेळण्यांच्या मानकांत एक उपयोगी कसोटी आहे: फटीत ५ मिलिमीटरची सळई जात असेल, तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे. मधल्या मापाच्या फटीत मुलाचे बोट शिरते आणि अडकते.

यानंतर रंग. इथेही घाई नको, आणि याचे कारण जुन्या रंगातले शिसे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीची गाडी असेल तर रंगात शिसे आहे असे धरूनच चाला, विशेषतः पिवळा, नारिंगी आणि लाल रंग असेल तर. लोखंडावरचा जुना लाल प्राइमरही रेड लेडचा असू शकतो. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. म्हणून कोरडे घासणे, ग्राइंडरचा ब्रश, ब्लोअरने धूळ उडवणे हे सगळे वर्ज्य. पाणी लावून घासा, एन-९५ मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून चिखल गोळा करा आणि काम संपेपर्यंत मुलांना जवळ फिरकू देऊ नका. जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे तो न काढता वरून नवा थर दिला तरी चालतो. नवा रंग घेताना एक गोष्ट विसरू नका: तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंगांना लागू नाही. तेव्हा गॅरेजमधला उरलेला गाडीचा रंग मारण्यापेक्षा डब्यावर शिसेविरहित असे स्पष्ट लिहिलेले इनॅमल आणा. मुले स्टिअरिंग चावतात, ही साधी गोष्ट रंगाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही.

काही वाचक विचारतील, की वायर, स्विच, बॅटरी, चार्जर, रंग सगळेच बदलले, मग जुने राहिले काय? राहिले ते सगळे महत्त्वाचे. गाडीचा आकार, मापे, जोडणीची युक्ती, हाताने वळवलेला पत्रा, एका चाकाला ओढणारी चेन, सगळे तसेच आहे. बनवणारा आज असता तर त्यानेही नवी वायर टाकली असती. आपल्या मुलाला जुन्या वायरवर त्याने बसवले नसते. दुसरे काही जण म्हणतील, बाजारात तयार गाड्या स्वस्तात मिळतात, एवढा खटाटोप कशाला? तयार गाडीत एक फायदा जरूर आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह बंधनकारक आहे आणि विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळे मानक आहे. घरी बनवलेल्या, न विकलेल्या गाडीची अशी तपासणी कोणी करत नाही, म्हणून ती जबाबदारी पूर्णपणे दुरुस्त करणाऱ्यावर येते. पण तयार गाडीचा प्लास्टिकचा गिअर तुटला किंवा सर्किट बोर्ड जळला, की ती बहुधा भंगारात जाते. घरच्या गाडीचा प्रत्येक भाग कोणत्याही गावात मिळतो आणि साध्या हत्यारांनी बदलता येतो. टिकाऊपणाचा हिशेब केला तर तीच स्वस्त पडते.

काम झाले की मूल बसवण्याआधी मुलापेक्षा दीडपट वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवून गाडी अर्धा तास चालवा. मग वीज तोडून प्रत्येक जोडाला, रिलेला, मोटरला आणि बॅटरीच्या टर्मिनलला हात लावून पाहा. बोट टेकवता येत नाही इतके जे तापले, तिथे काम बाकी आहे. कट-ऑफ स्विच गाडी चालू असतानाच दहा वेळा मारून पाहा. पहिल्या फेऱ्या भिंतींनी वेढलेल्या सपाट अंगणात, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात व्हाव्यात. रस्ता, गच्ची आणि पार्किंगचा उतार या तिन्ही जागा या गाडीसाठी नाहीत. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना विक्रेत्याकडेच परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडेच गेली पाहिजे. आणि शेवटी, नव्या वायरिंगचा आराखडा, फ्यूज किती अँपिअरचा, बॅटरी कोणती, काम कोणत्या तारखेला झाले आणि कोणते भाग मूळचे आहेत, हे एका कागदावर लिहा, लॅमिनेट करा आणि सीटच्या खालच्या बाजूला चिकटवा. हा कागद लावल्याशिवाय गाडी पूर्ण झाली असे समजू नका.